खोडरबर पालकांच्या हातात नको

बेचाळीसातून सतरा वजा करायचे होते. लेक दुसरीत. वही उघडी, पेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून मऊ झालेलं, आणि मी दिवसभराचं काम उरकून तिच्या शेजारी मांडी ठोकून बसलेलो. "हे बघ," मी सुरू केलं, "दोनातून सात जातात का? नाही. मग शेजारच्या चाराकडून एक उसना घ्यायचा. चाराचे राहिले तीन, दोनाचे झाले बारा. बारातून सात गेले, राहिले पाच. तीनातून एक गेला, राहिले दोन. पंचवीस!"

ती वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, एकच उसना घेतला ना? मग दोनाचे तीन होतील. बारा कसे झाले?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी घरगुती अध्यापनशास्त्रातलं सगळ्यात जुनं वाक्य काढलं: "तसंच असतं ते." ती म्हणाली, आमच्या बाई असं नाही सांगत, बाई दशकाचा गठ्ठा सोडतात. मी म्हणालो, गठ्ठे राहू देत, मी सांगतो तसं कर. आवाज चढला, तिचे डोळे भरले, शेवटी उत्तर मी सांगितलं आणि तिने ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईची खूण आणि शेजारी 'छान'. तो 'छान' माझा होता. वयाच्या चाळिशीत, दुसरीच्या गणितात मिळवलेला.

अशा संध्याकाळी घरोघरी होतात आणि त्यांना आपण 'पालकांचा सहभाग' म्हणतो. लहान मुलांच्या शिक्षणात आईवडिलांनी लक्ष घालावं, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. शाळा तेच म्हणतात, शिक्षणखाती तेच म्हणतात, आजीआजोबाही तेच म्हणतात. पण लक्ष घालायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारलं की यादी ठरलेली असते. गृहपाठ पूर्ण करून घ्या, प्रकल्प वेळेत द्या, ग्रुपवरच्या सूचना वाचा, पालकसभेला या आणि सही करा. या यादीवर माझा आक्षेप आहे. पहिली-दुसरीच्या मुलाच्या घरात संध्याकाळची दुसरी शाळा भरवणं हे पालकाचं काम नव्हे. मूल काय शिकलं आणि कुठे अडलं याची खरी बातमी घर आणि शाळा यांच्यामध्ये ये-जा करत राहावी, आणि मुलाला घरात निवांत ऐकणारं माणूस मिळावं, एवढी दोन कामं पालकाची. दिसायला लहान, निभवायला अवघड. आणि यातलं पहिलं काम शाळेने अर्धी वाट चालून आल्याशिवाय होत नाही.

माझ्या त्या संध्याकाळचं निदान मला पुढे एका अभ्यासात सापडलं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी पहिली-दुसरीतल्या ४३८ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि तरीही जे मुलाला गणिताच्या गृहपाठात वरचेवर मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्षाअखेरीस त्यांनाही गणिताची जास्त धास्ती वाटू लागली. तशीच धास्ती असलेले पण क्वचितच मदत करणारे पालक होते, त्यांच्या मुलांमध्ये हे दिसलं नाही. मदत भरपूर झाली, पण तिच्याबरोबर भीतीही वहीत उतरली. मी गणिताला भीत नाही असं मी आजवर समजत होतो. पण दोनाचे बारा कसे झाले हे सांगता येईना तेव्हा चढलेला आवाज कशाचा होता, हे मला ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल, मग काय मुलांना वाऱ्यावर सोडायचं? आणि पालकांनी लक्ष घातलेली मुलंच पुढे जातात, हे आपण डोळ्यांनी बघतोच की. आक्षेप रास्त आहे. कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणांतून पालकांच्या सहभागाचे ६३ प्रकार तपासले आणि २०१४ मध्ये सांगितलं की बहुतेक प्रकारांचा मुलांच्या गुणांशी फारसा संबंध दिसत नाही; गृहपाठातली मदत तर काही वेळा उलट्याच दिशेला दिसते. असे आकडे जपून वाचावे लागतात. जे मूल आधीच मागे पडलंय त्यालाच घरी जास्त मदत होणार, मग मदत आणि कमी गुण एकत्र दिसणारच. म्हणून मदतीमुळे गुण घटले असं म्हणता येत नाही. औषध घेणारे लोक आजारी असतात, त्यावरून औषधाने आजार होतो असं ठरत नाही. तरीही एक गोष्ट उरते. आपण ज्याला सहभाग म्हणून इतकं डोक्यावर घेतो, त्याचा ठळक फायदा शोधूनही सापडत नाही. लहान वयात मुलांना वाचून दाखवणं हा मात्र त्यांच्या चाळणीत टिकलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक.

गृहपाठाचंही तसंच. ड्यूक विद्यापीठातले हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते २००३ या काळातल्या अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये घेतला. गृहपाठ आणि शैक्षणिक यश यांचा संबंध सातवीपासून पुढे स्पष्ट होता, त्याखालच्या वर्गांत फार क्षीण. म्हणजे ज्या वयात गृहपाठाने सगळ्यात कमी साधतं, नेमकं त्याच वयात आपण त्याच्यावरून घरात सगळ्यात जास्त रडारड करतो.

मग लहान वर्गांतला गृहपाठ द्यायचाच कशाला? माझ्या मते त्याचा एक उपयोग आहे, आणि तोच आपण हाणून पाडतो. वही ही शिक्षकांना जाणारी बातमी आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुका बारकाईने तपासून दाखवलं की त्यातल्या कितीतरी चुका धांदरटपणाच्या नसतात. मूल एक नियम पाळत असतं, अगदी इमानेइतबारे, फक्त तो नियम चुकीचा असतो. ५३ मधून २८ वजा करताना मूल ३५ लिहितं. का? तिनातून आठ जात नाहीत, म्हणून ते आठातून तीन काढतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्याने धरून ठेवलेलं असतं. वहीत असे तीन ३५ सलग दिसले की जाणत्या शिक्षकाला त्या डोक्यात काय चाललंय ते आरशासारखं दिसतं. आणि आपण काय करतो? रात्री खोडरबर घेतो, ३५ पुसतो, 'अगं नीट बघ' म्हणत २५ लिहवून घेतो आणि आरसाच काळा करतो. सकाळी तीस वह्या टेबलावर येतात, तिसांतही २५. शिक्षकांना वाटतं, वर्गाला जमलं. तिसांपैकी कितीजणांच्या घरी जमलं, ते वहीत लिहिलेलं नसतं.

प्रकल्पांबद्दल न बोललेलंच बरं. सात वर्षांच्या मुलाच्या नावावर शाळेच्या प्रदर्शनात उभी असलेली ती पुठ्ठ्याची, सुबक कापलेली, आतून दिवे लावलेली घरं बघितली की त्या घरांचे खरे बांधकाममजूर रात्री किती वाजता झोपले असतील याचा अंदाज येतो. मुलगा आधीच झोपलेला असतो.

घरात करण्यासारखं जे खरोखर आहे, ते बिनखर्चाचं आणि बिनसामानाचं आहे, कदाचित म्हणूनच कुणाला त्याचं मोल वाटत नाही. मुलाशी बोलणं. इथे 'मुलाला सांगणं' आणि 'मुलाशी बोलणं' यांत फरक आहे. चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून, मग गोष्ट ऐकताना त्यांचा मेंदू कसा काम करतो ते पाहणारा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले, यापेक्षा संभाषणाची देवाणघेवाण किती झाली, म्हणजे मोठं माणूस बोललं, मूल बोललं, पुन्हा मोठं माणूस, पुन्हा मूल, हे जास्त महत्त्वाचं निघालं. आईवडिलांचं उत्पन्न आणि शिक्षण लक्षात घेऊनही तो संबंध टिकला. माझ्यासारख्या भाषणबहाद्दर बापाला हे जरा झोंबलं.

वाचून दाखवण्यातही हेच. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अगदी लहान, दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचून दाखवण्याची पद्धत थोडी बदलायला सांगितली. सरळ वाचत जायचं नाही. थांबायचं, मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाने जे सांगितलं त्यात एखादा शब्द भर घालून तेच त्याला परत द्यायचं. महिन्याभरात या मुलांची बोलण्याची भाषा, नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. मूल म्हणतं, "कुत्रा पळाला." तुम्ही म्हणायचं, "हो, घाबरून पळाला. कुणाला घाबरला असेल?" बस, एवढंच. यासाठी स्वतःला फार वाचता यावं लागतं असंही नाही. चित्रांवर बोट ठेवून रचलेली गोष्टही चालते.

'आज शाळेत काय केलं?' या प्रश्नाला जगातली सगळी मुलं 'काही नाही' असं उत्तर देतात आणि त्यांचं बरोबरच आहे. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला दारातच अहवाल मागितला तर आपणही तेच सांगू. आमच्याकडे बातम्या दिवा मालवल्यावर बाहेर पडतात. अंधारात, छताकडे बघत, मध्येच: "बाबा, ती माझ्या शेजारी बसत नाही आता." त्या वेळी 'का गं, तू काय केलंस?' असं विचारलं की खिडकी बंद. 'अच्छा' म्हणून गप्प बसलं की ती उघडी राहते. मला हे जमायला दीड वर्ष लागलं आणि अजूनही आठवड्यातून दोनदा चुकतं.

अभ्यासात अजिबात मदत करायची नाही, असं मी म्हणत नाही. प्रश्न हात कधी द्यायचा आणि कधी सोडायचा, याचा आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांना लाकडाचे २१ ठोकळे देऊन त्यांचा पिरॅमिड रचायला सांगितलं आणि शिकवणारी व्यक्ती कशी मदत करते ते टिपलं. इमारतीला बाहेरून बांधतात त्या परांचीची उपमा तेव्हापासून शिक्षणशास्त्रात रुळली. परांची भिंत उभी राहीपर्यंतच ठेवायची असते. आपण पालक मात्र ती बांधतो, तिच्यावर चढतो आणि मग भिंतही आपणच रचतो. त्यातून बाहेर पडायची मला सापडलेली वाट सोपी आहे: शिकवणं उलटं करायचं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एप्स्टाइन यांनी घरचा अभ्यासच असा आखण्याची पद्धत रुजवली, की मुलाने वर्गात शिकलेलं घरच्या माणसाला समजावून सांगायचं, दाखवायचं, त्याचं मत विचारायचं. शिकवण्याची जबाबदारी पालकावर नाहीच. मी हे करून पाहिलं. "त्या गठ्ठ्यांचं काय होतं गं? मला कळलं नव्हतं." तिने पेन्सिली आणल्या, रंगीत खडू आणले, दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावून बांधले, दोन सुटे ठेवले. "आता सात दे," ती म्हणाली. मी म्हणालो, दोनच आहेत. तिने विजयी मुद्रेने एका गठ्ठ्याचं रबर सोडलं. दहा आणि दोन, बारा. माझ्या 'एक उसना' मध्ये लपलेला दहा मला चाळिशीत पहिल्यांदा डोळ्यांना दिसला.

आता शाळेकडे येतो, कारण सगळा भार पालकांवर टाकून हात झटकणं सोपं आहे. पालकसभा आठवा. बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आईबाप, रांगेने पाच-पाच मिनिटं, गुणपत्रक पुढ्यात, 'थोडी बडबड कमी करायला सांगा', सही, पुढचे या. त्या पाच मिनिटांत बोलतं कोण? शाळा. आणि जिला त्या मुलाबद्दल सहा-सात वर्षांची माहिती आहे, ती आई मान डोलावते. वर्षाच्या पहिल्या सभेत शिक्षकांनी काहीही सांगू नये, फक्त विचारावं, अशी माझी सूचना आहे. हे मूल कशाने घाबरतं, कशात तासभर रमतं, घरात कोणती भाषा बोलतं, रात्री किती वाजता झोपतं. वही-पेन शिक्षकांच्या हातात. अवघड काय आहे यात?

जी पालकमंडळी सभेला येत नाहीत, त्यांच्यावर 'उदासीन' हा शिक्का फार पटकन बसतो. ॲनेट लारो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबांचा जवळून अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलं की कमी शिकलेले पालक शाळेपासून अंतर राखतात ते बेफिकिरीने नव्हे. शिकवणं हे जाणकाराचं काम, आपण त्यात काय लुडबुड करायची, असं त्यांना वाटतं. हा आदर शाळेला मात्र अनास्था वाटतो. पाळीत काम करणाऱ्या बापाला सकाळी अकराच्या सभेला बोलावायचं आणि तो आला नाही की त्याच्या मुलाकडे कीव करून बघायचं, हा शाळेचा दोष आहे. आणि 'पालक' या शब्दात बाप येतो की नाही, याचीही एकदा चौकशी व्हावी. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर नव्वद टक्के आयाच असाव्यात असं वाटतं. सूचना त्यांना, जाब त्यांना, आणि कौतुक मात्र सभेला एकदा उगवलेल्या बापाचं. मीही ते कौतुक खिशात घातलेलं आहे.

शाळा-घर संवाद वाढवायचा म्हणजे सूचनांचा पाऊस पाडायचा, असाही एक समज आहे. सॅन फ्रान्सिस्कोत बालवाडीच्या पालकांना फोनवर आठवड्याला फक्त तीन छोटे संदेश, आठ महिने, पाठवून पाहिले होते. त्यात 'उद्या अमुक आणा' नव्हतं. आंघोळ घालताना 'स' ने सुरू होणारे शब्द शोधा, अशा धर्तीची, चालत्या दिवसात बसणारी गोष्ट असायची. पालकांचं घरी मुलांबरोबर असलं काही करणं वाढलं आणि शिक्षकांशी संपर्कही वाढला. त्याहून साधं उदाहरण फिलाडेल्फियाचं. तिथे २८ हजारांहून जास्त कुटुंबांवर झालेल्या प्रयोगात काही घरांना टपालाने कळवलं, की तुमचं मूल यंदा इतके दिवस गैरहजर होतं. वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून जास्त घटलं. उपदेश नाही, दंड नाही. आईबापांना खरा आकडाच माहीत नव्हता. आपलं मूल फार तर चार-पाच दिवस बुडलं असेल, असं ज्याला त्याला वाटत असतं.

पालकांना फक्त कळवायचं, की ठरवण्यातही घ्यायचं? मी दुसऱ्या बाजूचा. इटलीत रेज्जो एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यात १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, गावकऱ्यांनी मागे राहिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशातून लहान मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. विटा रचणारे आईबापच होते. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक ते ऐकून सायकलवर तिथे गेला आणि तिथलाच झाला. आज जगभरचे लोक ज्या बालशाळा पाहायला रेज्जोला जातात, त्यांचा पाया असा घातला गेला. अमेरिकेत १९६५ मध्ये सुरू झालेल्या हेड स्टार्ट या बालशिक्षण योजनेच्या धोरण समित्यांमध्ये पालकांचं बहुमत असावं लागतं. गरीब घरांतले पालक, आणि बहुमत. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, पण पालकाला सहीपुरतं बोलावणं आणि मत द्यायला बोलावणं यांतला फरक त्या खुर्चीवर बसलेल्याला नक्की कळत असणार.

एवढं सगळं लिहिणाऱ्या माणसाच्या घरी परवा ६० वजा २४ आलं. मी बाजूला बसलो होतो, तोंड मिटून. तिने एकटीने केलं आणि लिहिलं ४४. शून्यातून चार जात नाहीत, मग चारातून शून्य. खोडरबर दोघांच्या मध्ये पडलेलं. हात शिवशिवले, खोटं कशाला सांगू. 'नीट बघ' जिभेवर आलं होतं, ते गिळलं. मग तिच्या शाळेच्या दैनंदिनीत लिहिलं: "गणित तिने स्वतः सोडवलं आहे, मी दुरुस्त केलेलं नाही. गठ्ठे घेऊन जमतं, पण सुटे एकही नसले की अडते." वहीत ४४ तसाच ठेवून दप्तर भरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंचं उत्तर आलं, त्याच पानावर, लाल शाईत. "बरं झालं पुसलं नाहीत. बाकी सगळ्यांच्या वह्यांत ३६ होतं, म्हणून हातच्याची वजाबाकी झाली असं धरून मी पुढे गेले होते. आज फळ्यावर एकेकाला बोलावलं. उद्या गठ्ठे पुन्हा काढते."